बालशिक्षण आणि समावेशित शिक्षण : एका पदव्युत्तर पदवीमागची शंभर वर्षे

नाशिकमधली एखादी बी.एड. झालेली मुलगी म्हणते, की मला पुढे लहान मुलांचे शिक्षण आणि दिव्यांग मुलांचा समावेश या दोन्हींत पदव्युत्तर पदवी करायची आहे. घरातून पहिला प्रश्न येतो, ‘बालवाडीत शिकवायला एवढं शिक्षण कशाला?’ दुसरा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर येतो, ‘बालशिक्षण की विशेष शिक्षण? एक काय ते ठरवा.’ पहिल्याचे उत्तर कोणतीही अनुभवी अंगणवाडी सेविका देईल. तीन-चार वर्षांच्या पंचवीस मुलांना दोन तास गुंतवून ठेवायला किती समज लागते, हे तिला पक्के ठाऊक असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र इतिहासातच शोधावे लागते. हे दोन विषय जन्मले एकत्र आणि वाढले वेगवेगळ्या खात्यांत. आज पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांना पुन्हा एकत्र आणू पाहत आहेत.

सुरुवात रोमची. मारिया मॉन्टेसरी या पेशाने डॉक्टर. 1900च्या सुमारास त्यांचे काम चालले होते ते त्या काळी ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी आधी जे प्रयोग केले होते, त्यांवरून मॉन्टेसरींनी हाताळायची साधने बनवली. त्यांतली काही मुले साध्या शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. सगळे कौतुक करत होते, पण मॉन्टेसरींना निराळाच प्रश्न पडला : ही मुले एवढे करू शकतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा मागे का ठेवतात? 1907 मध्ये सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झाले. आज जगभर ज्याला बालशिक्षण म्हणतात त्याचा मोठा भाग दिव्यांग मुलांच्या शिक्षणातून आलेला आहे. बालवाडीच्या प्रशिक्षणात ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायला हवी.

सॅण्डपेपरचे अक्षर घ्या. गुळगुळीत पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाचा ‘ग’ चिकटवलेला असतो. मूल दोन बोटे आधी गाठीवरून फिरवते, मग कान्यावरून खाली आणते आणि तोंडाने ‘ग’ म्हणते. ज्याला दिसत नाही, त्याच्या बोटांना अक्षर सापडते. ज्याला ऐकू कमी येते, ते बाईंच्या ओठांकडे बघत आकार गिरवते. ज्याचे लक्ष टिकत नाही, त्याच्या हाताला काम मिळते. आणि ज्याला यातली कोणतीच अडचण नाही, तेही याच पुठ्ठ्यावर शिकते. समावेशित शिक्षणावर कितीही जाड पुस्तके निघाली, तरी गाभा या पुठ्ठ्यात आहे.

भारतात हा विचार रुजवला गिजुभाई बधेका यांनी. 1920 मध्ये भावनगरला त्यांचे बालमंदिर उभे राहिले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. खुद्द मॉन्टेसरी 1939 मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. त्या काळात त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. पण शहरांत मॉन्टेसरी हा सुखवस्तू घरांचा शब्द झाला. लाकडी साधने महाग, फी जास्त. ज्या मुलांसाठी हे सारे जन्माला आले, ती दिव्यांग आणि गरीब मुले त्या वर्गांत शोधून सापडली नसती.

ताराबाईंना हे खुपले. 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंनी उमेदीची काही वर्षे नाशिक जिल्ह्यातच शिक्षिका म्हणून काढली होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. बोर्डीत वस्तीवरची मुले केंद्रात येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथेच मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, गाणी म्हणायची, शिंपले-बिया-पानांनी मोजायला शिकवायचे. परदेशी लाकडी साधनांची जागा रानातल्या वस्तूंनी घेतली. पुढे देशभर पसरलेल्या अंगणवाडीचे मूळ इथले.

1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाड टेकडीवर गेले. नाशिककरांना हा परका मुलूख वाटू नये. त्र्यंबकेश्वरहून जव्हारकडे घाट उतरला की पुढे डहाणूच, आणि घाटाच्या दोन्ही अंगांना वारली वस्ती आहे. कोसबाडला आदिवासी मुली शाळेत येत नव्हत्या, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, शाळाच कुरणात गेली. कोसबाडचा भर दिव्यांगत्वावर नव्हता. तरीही मूल का येत नाही हे आधी शोधायचे आणि शाळेने त्याप्रमाणे बदलायचे, ही समावेशाची रीत तिथे रोज पाळली जात होती. माझ्या मते पदव्युत्तर वर्गात समावेशावरच्या परदेशी जाहीरनाम्यांच्या आधी विकासवाडी शिकवावी.

दुसरा प्रवाह विशेष शाळांचा. मुंबईत माझगावला 1880च्या दशकात मूकबधिरांची शाळा निघाली. 1900 मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकन बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. 1944 मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी जय वकील शाळा आली. नाशिकमध्ये 1977 साली रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने ‘प्रबोधिनी’ उभी केली. अशा बहुतेक शाळांमागे एक आई, एक वडील किंवा एखादा हट्टी शिक्षक असतो. जेव्हा कोणीच दार उघडत नव्हते तेव्हा या शाळांनी उघडले. पुढे अनुदान समाजकल्याण खात्याकडून येऊ लागले आणि साध्या शाळेशी त्यांचा संबंध राहिला नाही. दिव्यांग मूल म्हणजे कल्याणाचा विषय आणि बाकीची मुले म्हणजे शिक्षणाचा, अशी वाटणी होऊन बसली.

1966च्या कोठारी आयोगाने दिव्यांग मुले शक्यतो साध्या शाळेत यावीत असे सांगितले. 1974 मध्ये केंद्राच्या समाजकल्याण विभागाने दिव्यांग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना आणली. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1975ला, 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, म्हणजेच सरकारी अंगणवाडी. दोन्ही योजनांच्या नावांत ‘एकात्म’ होते, पण एकमेकींशी त्या जोडल्या गेल्या नाहीत. 1982 मध्ये दिव्यांग मुलांची योजना शिक्षण विभागाकडे गेली, तर अंगणवाडी पुढे महिला व बालविकास खात्यात. ऐकू न येणारे तीन वर्षांचे मूल आज महाराष्ट्रात अंगणवाडीपुरते महिला व बालविकासाचे असते, प्रमाणपत्रापुरते आरोग्य आणि दिव्यांग कल्याण विभागाचे, आणि सहा वर्षांचे झाले की शालेय शिक्षणाचे.

हा सहाचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. मूळ राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट होते. खालची मर्यादा नव्हती. 2002च्या 86व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क केला, पण तो 6 ते 14 या वयाचा. सहाखालची मुले सरकारने ‘प्रयत्न करण्याच्या’ यादीत गेली. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 पूर्वप्राथमिकाबद्दल बोलते, तेही सक्तीच्या भाषेत नाही. दिव्यांग मुलांच्या बाबतीत असेच झाले. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण होते, सुरुवातीच्या वयाची अट नव्हती. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा कितीतरी बाबतींत पुढचा. दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस प्रकार त्याने केले. पण मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 मध्ये 6 ते 18 असा लिहिला गेला. दोन्ही कायदे सहाला सुरू होतात. आणि 2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतः सांगते, की मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी झालेला असतो. भाषा, ऐकणे, चालणे, माणसाकडे बघणे, जे काही लवकर हाताशी धरायचे ते याच वयात. ज्या वयात मदतीचा सर्वांत जास्त उपयोग, तिथे कायद्याचा हात सर्वांत सैल. मला ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत गंभीर चूक वाटते.

शिक्षक तयार करण्याची व्यवस्थाही तशीच दुभंगली. 1992च्या कायद्याने विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे गेले. त्यांना परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक लागतो, सगळे त्याला ‘सीआरआर नंबर’ म्हणतात. 1993च्या कायद्याने बाकीचे शिक्षक राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे. एनसीटीईच्या 2014च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचे झाले, पण त्यात विशेषीकरण ठेवले ते आठवीपर्यंतच्या किंवा माध्यमिक शिक्षणाचे. तीन ते सहा वयाला स्वतःची वाट मिळाली नाही. बी.एड.ला समावेशित शाळेवर अर्धा पेपर आला. अर्ध्या पेपरात सेरेब्रल पाल्सीपासून (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) स्वमग्नतेपर्यंत सगळे उरकायचे असते.

बालविकासाचे उच्च शिक्षण दुसरीकडेच, गृहविज्ञानात वाढत होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 मध्ये गृहविज्ञान शाखा आणि तिच्यात बालविकासाचा विभाग आला. एसएनडीटी महिला विद्यापीठानेही महाराष्ट्रात हा विषय सांभाळला. तिथे मुलांचे बारीक निरीक्षण शिकवले गेले, पण त्या पदवीने सीआरआर नंबर मिळत नाही. पुनर्वास परिषदेकडे मात्र सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा ‘शीघ्र हस्तक्षेपा’तला, म्हणजे बाळाची अडचण लवकर ओळखून लवकर मदत देण्यातला, पदव्युत्तर डिप्लोमा होता. डॉक्टर, थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एका बाकावर बसून बाळांबद्दल शिकतील, अशी त्याची रचना. दोन्ही प्रवाह जोडणाऱ्या आजच्या पदवीचा हा सर्वांत जवळचा पूर्वज. पुढे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने बालशिक्षणात एम.ए. सुरू केले, आणि 2020च्या धोरणाने 3 ते 8 वयाचा पायाभूत स्तर मान्य केल्यावर या वयाला पहिल्यांदा शालेय रचनेत जागा मिळाली. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. मूल ओळखायचे, अंगणवाडीत सामावून घ्यायचे आणि पुढच्या उपचाराला पोचवायचे, असे तीन टप्पे आहेत. सेविकेला हे शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. त्यासाठीच या पदवीची माणसे लागणार आहेत.

नाशिक जिल्हा या कामासाठी अवघड आणि म्हणूनच शिकायला उत्तम. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरमध्ये मुलाच्या घरची बोली कोकणा किंवा वारली, बाईंची मराठी. मूल बोलत नसेल तर ते भाषेमुळे की कानामुळे, हे ओळखायला अभ्यास लागतो. मालेगावात तोच प्रश्न उर्दूत येतो. ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठेतली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, मुले सोबत. नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत, मूल बागेच्या बांधावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडी तपासते (हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तोही पालघरातून, कोसबाडच्या शेजारून). पण पथक येते त्या दिवशी मूल बांधावर असेल, तर टाळी वाजवून ते वळते का हे कोण बघणार? विकासवाडीने सोडवलेला प्रश्न इथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा आहे.

शहरात 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बायकांसाठी त्याने राज्यभर रस्ता मोकळा केला. पण लहान मुलांचे काम पत्राने शिकता येत नाही, हाताखाली मुले लागतात. म्हणून पदवी निवडताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. एक, मान्यता कोणाची : विद्यापीठाची फक्त, एनसीटीईची, की पुनर्वास परिषदेची? विशेष शिक्षकाच्या जागेवर अर्ज करायचा असेल तर सीआरआर नंबरवाचून तो पुढे जात नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरामागे एक असे प्रमाण सांगितले, तेव्हापासून हा प्रश्न पोटापाण्याचाही झाला आहे. दोन, प्रात्यक्षिक कुठे : फक्त शहरातल्या इंग्रजी नर्सरीत, की अंगणवाडीत, विशेष शाळेत आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही? तिन्ही ठिकाणी पाठवणारा अभ्यासक्रम फीने थोडा जास्त किंवा गावाने थोडा लांब असला तरी घ्यावा, आणि प्रात्यक्षिकासाठी पेठ किंवा सुरगाण्यातली अंगणवाडी मागून घ्यावी, तीही ऑक्टोबर छाटणीआधी, बागांची कामे निघण्यापूर्वी.