बातमी पारखायला शिकवण्याची खानदेशी पार्श्वभूमी

खानदेशात मुलांच्या हाती बातमी देण्याची परंपरा जुनी आहे. 1920च्या दशकात अमळनेरच्या शाळेतले एक शिक्षक वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. ते शिक्षक म्हणजे साने गुरुजी, हे इथे कुणाला सांगायला नको. तिथून थेट 21 सप्टेंबर 1995 वर यावे लागते. गणपती दूध पितो ही बातमी त्या एका दिवसात देशभर गेली, तीही बहुतांश टेलिफोनवरून आणि तोंडोतोंडी. त्या दिवसाचा शाळेतल्या अभ्यासाशी संबंध आहे, असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नाही.

खरा बदल 2016 नंतरचा. इंटरनेट स्वस्त झाले आणि वाचावा लागणारा मजकूर मागे पडून पाहायची चित्रफीत पुढे आली. 2018च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या फिती देशभर फिरत होत्या. त्यांतली एक मूळची कराचीची, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी शेवट कापला होता. 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. ज्या समाजाच्या पोटापाण्याचा मार्गच अनोळखी गावात जाण्याचा आहे, त्याच्यावर ही अफवा कोसळली.

त्याच्या काही आठवडेच आधी, जूनमध्ये, राज्यातल्या दहावीच्या मुलांच्या हाती इतिहासाचे नवे पुस्तक आले होते. त्यात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र पाठ आहे आणि माध्यमांतल्या माहितीचे चिकित्सक आकलन कसे करावे, यावर एक भागही. छापून आले म्हणजे खरे असेलच असे नाही, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हताच, ही तक्रार चुकीची. पण उदाहरण कोणते? एका जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून विकत घेतलेल्या बनावट डायऱ्यांचे. हे प्रकरण 1983चे. साक्री-नवापूर पट्ट्यातल्या मुलाने साप्ताहिक विकत घेतलेले नसते, पण मामाच्या फोनवरची फीत त्याने नक्की पाहिलेली असते.

इथेच ‘माध्यम साक्षरता’ हा शब्द अडतो. परिपत्रकांतून, कार्यशाळांतून तो रुळला आहे आणि मला तो पहिल्यापासून खटकतो. साक्षरता म्हटले की समोरचा निरक्षर ठरतो. अफवा ही अडाण्यांची गोष्ट, शिकल्यासवरलेल्यांची नाही, असा समज त्यातून पक्का होतो. पण फीत पाहायला अक्षर लागत नाही, आणि ती घरात आणणारा, आजीला तिचा अर्थ सांगणारा बहुधा शाळेत जाणारा मुलगाच असतो. शिवाय इथल्या घरांतली भाषा अहिराणी, भिली, मावची, कोकणा आदिवासींची कोकणी. फितीवरचा आवाज हिंदी आणि शाळेतला पाठ प्रमाण मराठीत. या तिन्हींच्या मध्ये उभ्या राहिलेल्या मुलाला ‘चिकित्सक आकलन’ हा शब्द फार काही देत नाही. ‘तुले कोनी सांगं?’ हा घरातला प्रश्न जास्त देतो. तो विचारायला शिकवणे म्हणजेच हे शिक्षण, असे मी मानते. ‘फेक न्यूज’चे तेच. जिला वार्ताहर नाही, तारीख नाही, गाव नाही, ती मुळात बातमीच नाही. तिला अफवाच म्हणावे.

राईनपाड्यानंतरचे निर्णय मात्र फोनच्या अंगाने झाले. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर झाली. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले. केरळात कन्नूर जिल्ह्याने त्याच वर्षी सरकारी शाळांत खोटे संदेश ओळखण्याचे वर्ग सुरू केले. जिथे पाच माणसे मेली, तिथल्या शाळांना तो धडा आधी मिळायला हवा होता.

नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीकरण शाळाशाळांत सुरू झाले, तेव्हा लसीविरुद्धचे संदेश आले. संमती मागायला शिक्षक घरोघर गेले. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. त्याच काळात राज्याची रोजची अभ्यासमाला त्याच अ‍ॅपवरून गटागटांतून खाली येत होती: जिल्हा, तालुका, शाळांचे केंद्र, शिक्षक, पालक. ज्या ‘फॉरवर्डेड’ खुणेवर संशय घ्या म्हणून मुलांना सांगायचे, तीच खूण मिरवत मराठीचा धडा त्यांच्या फोनवर येत होता.