कन्व्हर्टर काढला की बाइक जास्त पळते?

‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढा, पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या पाइपात बसवलेली, धूर कमी विषारी करणारी जाळी. तो काढल्यावर आवाज वाढला की गाडी जास्त ओढतेय असं कुणालाही वाटतं. पण ताकद हवा, पेट्रोल आणि ट्यूनिंगवर ठरते. धड असलेल्या कन्व्हर्टरच्या जाळीचा अडथळा थोडाच असतो. ती जाळी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलचं कार्बन डायऑक्साइड व पाणी करते. ती गेली की विषारी धूर थेट मागच्या स्कूटरवरच्या लेकराच्या नाकात.

नुसता मफलर, म्हणजे मागचा सायलेन्सर, बदलणं वेगळं. अनेक गाड्यांत कन्व्हर्टर पुढच्या पाइपात असतो, तो शाबूत राहतो. मफलर घेण्याआधी आपल्या गाडीत कन्व्हर्टर कुठे आहे, एवढं विचाराच. ज्या मित्रानं कन्व्हर्टर काढलाय, त्याच्या जुन्या-नव्या पीयूसीवरचे कार्बन मोनॉक्साइडचे आकडे शेजारी ठेवा. मायलेज मात्र टाकी फुल करून, त्याच रस्त्यावर मोजायचं.