झँथन गम

कोबी आणि फुलकोबीवर घाण्या रोग आणणारा झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस हा जिवाणू स्वतःभोवती जो बुळबुळीत डिंक तयार करतो, तो झँथन गम. सॅलड ड्रेसिंगच्या बाटलीवर ‘ई ४१५’ असे लिहिलेले असते ते यालाच.

पहाटे कोबीच्या पानांच्या कडांना जलरंध्रांतून थेंब येतात. त्या थेंबांतून जिवाणू आत शिरतो आणि कडेकडून मध्यशिरेकडे निमुळता होत जाणारा, ‘व्ही’ आकाराचा पिवळा डाग पडतो. त्यातल्या शिरा काळ्या होतात. डिंकाने जलवाहिन्या तुंबतात, पण त्याचे खरे घातक काम वेगळेच आहे. झाड पेशीभित्तीत कॅलोज (ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ) भरून जिवाणूची वाट अडवू पाहते. या कामाला कॅल्शियम लागते, आणि डिंक नेमके तेच धरून ठेवतो. रोगट शिरेचा काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: कापल्या टोकातून जिवाणूंचा धुरासारखा लोट बाहेर पडतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची पहिली तपासणीही अशीच करतात. तो जिवाणूही झँथोमोनास वंशातलाच. वाढमाध्यमावर दिसणारा पिवळा रंग मात्र डिंकाचा नव्हे, झँथोमोनाडिन या रंगद्रव्याचा.

डिंकाच्या रचनेचा कणा सेल्युलोजचाच, म्हणजे ग्लुकोजची सरळ साखळी. दर दुसऱ्या ग्लुकोजला मॅनोज, ग्लुकुरोनिक आम्ल, मॅनोज अशी फांदी असते. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. झँथन या फांद्यांमुळे थंड पाण्यातही फुगतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तो शोधला. १९६९ मध्ये अमेरिकेत खाद्यवापराला परवानगी मिळाली. कारखान्यात साखरेच्या द्रावणात, २८ ते ३०° से. तापमानाला आणि ७ च्या आसपास सामू (पीएच) राखून जिवाणू वाढवतात. अडचण डिंकच उभी करतो: द्रव घट्ट होत गेला की ढवळूनही प्राणवायू सगळीकडे पोहोचत नाही आणि उत्पादन मंदावते. शेवटी उष्णतेने जिवाणू मारून आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिंक वेगळा काढतात.

घट्टपणासाठी ०.१ ते ०.५ टक्के पुरतो. पूड थेट पाण्यात टाकली तर बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडी गुठळी राहते. म्हणून ती आधी दहापट साखरेत किंवा थोड्या तेलात कालवावी, मग पाणी ढवळत ढवळत सोडावी. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन हे गव्हातले चिवट प्रथिन नसल्याने पाव फुगताना वायू टिकत नाही. तिथे कपभर पिठाला अर्धा चमचा झँथन घालतात. भाकरीला त्याची गरज नाही, गरम पाण्याच्या उकडीने पीठ जुळून येते. प्रमाण वाढले, तर पाव चिकट आणि रबरासारखा होतो.