पार्श्वभूमी : ट्यूब ॲम्पचा आवाज आणि कार्बन रेझिस्टरचा वाद

ट्यूब ॲम्प म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर. रॉक गिटारच्या आवाजाची चर्चा फिरून 5एफ6-ए या सर्किटपाशी येते. 1950 च्या दशकाअखेरचा हा अमेरिकी फेंडर कंपनीचा बॅसमन ॲम्प खरं तर बेस गिटारसाठी होता. 1962 मध्ये लंडनमध्ये त्यावरून मार्शलचा जेटीएम45 ॲम्प बेतला गेला. आराखडा जवळपास तोच, फक्त पहिल्या जागी 12एवाय7 या ट्यूबऐवजी ईसीसी83 बसली. एकीचा प्रवर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) 44, दुसरीचा 100. पुढचे टप्पे लवकर फाटू लागले ते इथूनच.

दोन्ही इनपुट चॅनलना मिळून पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) 820 ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर 250 मायक्रोफॅरडचा बायपास कॅपॅसिटर होता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वेगळे झाले आणि ब्राइट चॅनलला 2.7 किलोओहम व 0.68 मायक्रोफॅरड मिळाले. त्यामुळे गिटारची सर्वांत खालची तार, म्हणजे 82 हर्ट्झ, सुमारे 6 डेसिबलने दबते. खालचे सूर आधीच छाटल्यामुळे जोरात वाजवलं तरी गदळ होत नाही. ब्रिटिश आवाजाचं मर्म म्हणतात ते बरंचसं या बारक्या कॅपॅसिटरमध्ये आहे.

वाद पेटला तो फार नंतर, जुन्या ॲम्पच्या हुबेहूब प्रती बनू लागल्यावर. 'तो' आवाज जुन्या ॲम्पमधल्या कार्बन कॉम्पोझिशन (कार्बनची भुकटी दाबून बनवलेल्या) रेझिस्टरमुळेच येतो का? अर्धं खरं आहे. या रेझिस्टरचं मूल्य त्यावरच्या व्होल्टेजबरोबर किंचित बदलतं आणि दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेचा सूर, वाढतो. पण त्यासाठी सिग्नल दहावीस व्होल्टचा तरी झुलायला हवा, म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबसाठी सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणाऱ्या टप्प्याच्या) 82 आणि 100 किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरपाशी. पहिल्या टप्प्यात सिग्नल एखाद्या व्होल्टचा. तिथे हाती लागते ती फक्त खरखर, कारण डीसी वाहत असताना हा प्रकार मेटल फिल्म (धातूच्या पातळ थराच्या) रेझिस्टरपेक्षा जास्त गोंगाट करतो. शिवाय उष्णतेने आणि दमटपणाने जुन्या 100 किलोओहमचे 130 झालेले असतात. त्या जागी नेमका 100 चा मेटल फिल्म लावला की आवाज बदलतो, आणि श्रेय किंवा दोष मटेरियलच्या माथी बसतो. काढलेला रेझिस्टर फेकण्याआधी मीटरवर धरायचं कुणाला सुचत नाही.

कपलिंग कॅपॅसिटरच्या (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढच्या टप्प्याला देणाऱ्या) रंगावरही असंच रणकंदन चालतं, पण खरा प्रश्न गळतीचा, म्हणजे त्यातून डीसी झिरपण्याचा. फिक्स्ड बायसच्या (पॉवर ट्यूबच्या ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज देणाऱ्या) ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब काढून 220 किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरच्या दोन टोकांत डीसी मोजा. शून्य अपेक्षित. 5 व्होल्ट दिसले तर कॅपॅसिटर गळतोय. बायस तेवढा घसरतो, ट्यूब जास्त करंट खेचते आणि प्लेट लाल होते. मोजताना आत 400 व्होल्टहून जास्त असतात, तेव्हा दुसरा हात खिशात.