केंद्रीकृत संरक्षण व नियंत्रण (विद्युत उपकेंद्र)

उपकेंद्रातील प्रत्येक फिडरला (बाहेर जाणाऱ्या वीजवाहिनीला) आणि रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) वेगळा रिले (बिघाड ओळखून वीज तोडण्याचा आदेश देणारे उपकरण) न देता सगळ्यांचे संरक्षण, मोजमाप व ब्रेकरचे (वीज तोडणाऱ्या स्विचचे) नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवण्याची पद्धत. अमेरिकी अभियंता जॉर्ज रॉकफेलर यांनी १९६९ मध्ये ही कल्पना शोधनिबंधात मांडली. त्या काळचे संगणक महाग आणि मंद, त्यामुळे आधी सुटे अंकीय रिलेच रुळले. पुढे उपकेंद्रातील उपकरणांच्या आपसांतील संवादाचे आयईसी ६१८५० हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि कल्पनेला पाया मिळाला.

मराठवाड्यातले नेहमीचे ३३/११ केव्ही उपकेंद्र पाहा. यार्डातल्या (उघड्या आवारातल्या) सीटी-पीटीपासून (प्रवाह व विद्युत दाब मोजण्याजोगे कमी करणाऱ्या उपकरणांपासून) कंट्रोल रूमपर्यंत चरांमधून तांब्याच्या केबली आलेल्या असतात, आणि फिडरच्या रिलेला फक्त आपल्याच फिडरचा प्रवाह दिसतो. डिजिटल उपकेंद्रात सीटी-पीटीजवळ मर्जिंग युनिट बसते. ते प्रवाहाचे व दाबाचे सेकंदाला ४,००० नमुने (५० हर्ट्झच्या एका आवर्तनात ८०) घेऊन प्रकाशतंतूतून संगणकाला पाठवते. ट्रिपचा (वीज तोडण्याचा) आदेश ‘गूस’ नावाच्या संदेशाने त्याच जाळ्यातून ब्रेकरकडे परततो.

यातली नाजूक बाब म्हणजे घड्याळ. सगळ्या युनिटांच्या वेळेत एका मायक्रोसेकंदाहून जास्त फरक चालत नाही. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंशांचा कोन. तेवढ्याने निर्दोष रोहित्राच्या दोन बाजूंच्या प्रवाहांत सुमारे ३० टक्के खोटा फरक दिसतो आणि विनाकारण ट्रिप होऊ शकते.

दुसरा धोका उघड आहे. सुटा रिले बिघडला तर एक फिडर उघडा पडतो, इथे संगणक बंद पडला तर अख्खे उपकेंद्र. म्हणून तसाच दुसरा संगणक सतत चालू ठेवतात, जाळेही दुहेरी असते आणि प्रत्येक संदेशाच्या दोन प्रती दोन वाटांनी जातात. खर्च वाचवायला दुसरा संगणक गाळणे अक्षम्य आहे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हात यार्डातल्या बंद पेटीचे तापमान हवेपेक्षा बरेच वर जाते, तेव्हा मर्जिंग युनिट निवडताना तेही पाहावे लागते.

मराठवाड्याला सर्वांत मोलाचा उपयोग तुटलेल्या तारेच्या बाबतीत होऊ शकतो. ११ केव्हीची तार बालाघाटच्या कोरड्या मुरमाड माळावर पडली, की जमिनीत जाणारा प्रवाह कधी इतका थोडा असतो की ओव्हरकरंट (जादा प्रवाहावर चालणारा) रिले हलतच नाही. तार जिवंत राहते, आणि शेतकरी किंवा जनावर तिच्यावर पाय देते. केंद्रीय संगणकासमोर सगळे फिडर एकाच क्षणी असतात. एकाच फिडरच्या तीन फेजांमधला तोल अचानक ढळला आणि बाकीच्यांचा ढळला नाही, हे त्याला ताडून पाहता येते. प्रवाह अगदीच नगण्य असेल तर मात्र हीही पद्धत चुकते. म्हणून तार पडल्याचा फोन आला, की यंत्रचालकाने तो फिडर स्वतः बंद करायचा असतो.