पॉइंटवरची खोली ‘फुकट’ नसते

पुण्यात लग्नाला किंवा गणपती पाहायला येणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: ‘पॉइंट साठलेत ना, मग सगळ्यात भारी हॉटेल घे, फुकटच आहे!’ फुकट काही नसतं. हॉटेल-साखळ्या आपल्या सभासदांना मुक्कामावर देतात ते हे पॉइंट उद्या दुसरीकडेही चालले असते.

आधी रोखीचा भाव बघा, करासकट. सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. समजा, खोली ६,००० ची. करासह ६,३००. तिला १५,००० पॉइंट लागत असतील, तर एका पॉइंटचे ४२ पैसे झाले. दुसरी १२,००० ची, करासह १४,१६०, आणि मागतात २०,००० पॉइंट. इथे पॉइंटला जवळपास ७१ पैसे. म्हणजे महागडं हॉटेल कधीकधी खरंच फायद्याचं, पण ते भागाकार सांगतो, हॉटेलचा झगमगाट नव्हे.

शहराच्या कडेच्या, आयटी कंपन्यांच्या हिंजवडीचं बघा. तिथली हॉटेलं कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी रोखीचा भाव बऱ्याचदा उतरतो. तेव्हा सरळ पैसे द्या, पॉइंट राखा. अर्थात जुन्या शहरातल्या, पेठांतल्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी इतक्या लांब हिंजवडीत राहणं हा वेगळाच वेडेपणा; वाचवलेले पैसे रिक्षा-कॅबवाला घेऊन जाईल.

मुक्काम लांबणार असेल, तर मॅरियट या हॉटेल-साखळीत सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्यास चारच रात्रींचे पॉइंट कापतात. नाश्ता मात्र पॉइंटच्या खोलीत धरलेला असेलच असं नाही, बुकिंगआधी विचारून घ्या.