साहेब बदलला की बीपी बदलतं

बीपी वाढलेलं निघालं की डॉक्टर विचारतात: मीठ किती खाता, तंबाखू आहे का, झोप होते का, घरात आणखी कुणाला त्रास आहे का. ‘तुमचा साहेब कसा आहे?’ हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हरकत नसावी, असं सुचवणारा एक छोटासा अभ्यास ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याची खुबी मांडणीत आहे. एका कचेरीतला तापट साहेब आणि दुसऱ्या कचेरीतला समजूतदार साहेब घेऊन त्यांच्या हाताखालच्यांची तुलना केली, तर माणसं वेगळी, कामं वेगळी, पगारही वेगळे. मग फरक नेमका कशाने पडला ते कसं कळणार? म्हणून या अभ्यासात रुग्णांची देखभाल करणाऱ्या २८ महिला साहाय्यक घेतल्या. त्यांतल्या १३ जणी एकाच ठिकाणी, पण वेगवेगळ्या दिवशी दोन वेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करत. त्यांच्याच मते एकाचं वागणं चांगलं होतं, दुसऱ्याचं नव्हतं. उरलेल्या १५ जणींना एकच वरिष्ठ होता, किंवा दोघे असले तरी साधारण एकाच वळणाचे. कामाच्या तीन दिवशी, बारा बारा तास, दर अर्ध्या तासाला सगळ्यांचा रक्तदाब नोंदवला गेला.

पहिल्या गटात नावडत्या वरिष्ठाच्या दिवशी वरचं प्रेशर सरासरी १५ मिलिमीटरने आणि खालचं ७ मिलिमीटरने चढलेलं आढळलं. दुसऱ्या गटात वरच्या प्रेशरमधला फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा होता. रक्तदाबाची एक गोळी नेहमीच्या डोसमध्ये वरचं प्रेशर साधारण ९-१० मिलिमीटरने उतरवते, हे लक्षात घेतलं की १५ म्हणजे किती ते कळतं. अर्थात १३ जणींवरून साऱ्या जगाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण इथे प्रत्येक बाईची तुलना तिच्या स्वतःशीच झाली होती, म्हणून हा अभ्यास मला मोठमोठ्या सर्वेक्षणांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

शरीरात हे घडतं कसं? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये एक चाचणी तयार झाली, ती आजही जगभर वापरतात. अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं. मग १०२२ मधून तोंडी १३ वजा करायचे, उत्तरातून पुन्हा १३, असं करत जायचं. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षक ओरडत नाहीत, रागावतही नाहीत. चेहरा दगडासारखा ठेवून फक्त बघत राहतात. एवढ्याने लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी ॲड्रिनल ग्रंथींतून सुटणारं संप्रेरक, दुपटी-चौपटीने वाढतं. पुढे २००४ मध्ये दोन अमेरिकी संशोधिकांनी अशा २०८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. काम नुसतं अवघड असेल तर कॉर्टिसॉल फारसं हलत नाही, असं त्यांना दिसलं. ते उसळतं दोन गोष्टी एकत्र आल्या की: कुणीतरी आपली लायकी जोखतंय ही जाणीव, आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही ही जाणीव. लहरी साहेब या दोन्ही गोष्टी रोज पुरवतो. सगळ्यांची नजर केबिनच्या दारावर आणि कानात कुजबुज, ‘आज मूड कसा आहे?’ हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना ट्रिअरला जायची गरज नाही.

हे काही वर्षं चाललं तर? स्टॉकहोम परिसरातल्या ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांकडून आधी वरिष्ठांविषयीचं मत घेतलं आणि नंतर सरासरी दहाएक वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. त्या काळात ७४ जणांना हृदयविकार गाठला. साहेबाला चांगले गुण देणाऱ्यांत हे प्रमाण कमी होतं. धूम्रपान, वजन, रक्तदाब, शिक्षण, उत्पन्न हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरलाच. त्याच ठिकाणी जितकी जास्त वर्षं, तितका तो ठळक. तेवढ्यावरून साहेबामुळेच विकार झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण मत आधी नोंदवलं होतं आणि आजार नंतर आला, हे विसरता येत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. ‘साहेब कडक आहे, पण काम होतं.’ खरंच होतं का? इस्राएलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना सरावासाठी एक खोटा रुग्ण दिला: आतड्याचा गंभीर विकार झालेलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ. काही पथकांना एका परदेशी ‘तज्ज्ञाने’ जाता जाता ऐकवलं, की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा काही खास नाही, असले लोक माझ्या विभागात आठवडाभरही टिकणार नाहीत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तरीही त्या पथकांचं निदान आणि हाताचं काम, दोन्ही बिघडलं. एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं होतं. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधी नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला वेगळंच कोडं पडलं होतं. औषधं देताना होणाऱ्या चुका त्या दोन रुग्णालयांत मोजत होत्या. चांगल्या प्रमुखाच्या पथकात चुका कमी असतील ही अपेक्षा. निघाल्या जास्त! मग आकड्यांची काहीच कल्पना नसलेल्या एका सहकाऱ्याला तिथे पाठवून निरीक्षण करवलं, तेव्हा उलगडा झाला. चांगल्या प्रमुखाच्या हाताखालच्या परिचारिका चुका उघड सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. म्हणजे कडक साहेबाचं रजिस्टर स्वच्छ दिसतं ते याच कारणाने, आणि तो मात्र ते आपल्या शिस्तीचं फळ समजतो.

मग चांगला साहेब म्हणजे गोड बोलणारा का? स्टॉकहोमच्या त्या अभ्यासातली प्रश्नावली फक्त दहा विधानांची होती. कामाला लागणारी माहिती साहेब देतो. माझ्याकडून काय हवंय ते मला स्पष्ट माहीत आहे. जबाबदारीच्या मानाने मला पुरेसे अधिकार आहेत. कामाची आखणी करताना तो मलाही सामील करून घेतो. माझं बरं चाललंय का, याची त्याला फिकीर आहे. चांगलं काम केलं की तो कौतुक करतो. वाढदिवसाचा केक, सहल, ‘आपण सगळे एक कुटुंब’ वगैरे काही त्यात नाही. आणि याच यादीत, साहेबाला गुण देणाऱ्या विधानांमध्ये, हेही एक होतं: माझं काम चुकलं, तर साहेब मला तसं सांगतो.